यशवंतदादा मरतो तेव्हा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काहीही संबंध नाही अशा जिज्ञासूंस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मालाड पश्चिम, मालवणी येथील आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील माजी रहिवासी श्री. यशवंत सोनवणे यांचे आजवर बुडून, भाजून, विष घेऊन, गोळी लागून, कड्यावरून ढकलले जाऊन आणि एकदा सासूचा शाप लागून निधन झालेले आहे. प्रत्येक निधनानंतर ते संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी परतले. तरी कोणीही शोकसभा घेऊ नये.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहणारा परब. वरील निवेदनाची संपूर्ण जबाबदारी माझी.

यशवंतदादा मरण्याचं काम करायचा. सिनेमात आणि मालिकांत जी 'बॉडी' लागते, तिरडीवरची, शवागारातली, पोहण्याच्या तलावात पालथी तरंगणारी, ती दादा असायचा. मढला शूटिंगसाठी भाड्याने मिळणारे सगळे बंगले त्याला ठाऊक होते, पण फक्त छताकडून. डोळे मिटण्याआधी जे दिसायचं तेवढंच. "त्या वळणावरच्या बंगल्याचं पीओपी झकास आहे," तो म्हणायचा. खिडक्या किती, बाग कशी, हे विचारलंत तर सांगता यायचं नाही.

या धंद्यात तो अपघाताने आला. तरुणपणी गर्दीत उभा राहायचा. बाजारातला माणूस, कोर्टातला माणूस, वरातीत मागून नाचणारा माणूस. एकदा एका मालिकेत ऐन रडारडीच्या वेळी बॉडी शिंकली. पुन्हा घेतलं, पुन्हा शिंकली. दिग्दर्शक नवी बॉडी शोधायला बाहेर आला तर व्हरांड्यात दादा जेवून आडवा झालेला. दिग्दर्शक म्हणाला, "अरे, हा बघ, हा किती छान मेलाय!" त्या वाक्यावर दादाचं उरलेलं आयुष्य उभं राहिलं. ते वाक्य तो एखाद्या पदवीसारखं सांगायचा.

मरण्याबद्दल त्याची मतं पक्की होती. "मेलेला माणूस श्वास घेत नाही हे कुणीही सांगेल," तो मला समजावायचा. "पण ज्याला संध्याकाळी घरी जायचंय, अशा मेलेल्याला श्वास घ्यावाच लागतो ना रे. तो कॅमेऱ्याला दिसता कामा नये, एवढीच आपली कला. छातीने घेतला तर शर्ट हलतो. पोटाने घेतला तर चादर हलते. मग कशाने घ्यायचा?"

"कशाने?"

"लपूनछपून घ्यायचा," दादा म्हणायचा आणि पुढचं सांगायचा नाही. कलाकाराने सगळंच सांगू नये.

इमारतीच्या गच्चीवर भीमजयंतीचं जेवण असो की कोजागिरीचं दूध, पोरं मागे लागली की दादा सतरंजीवर उताणा पडायचा आणि पोटावर काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी ठेवायला सांगायचा. पाण्यावर साधी सुरकुती उठायची नाही. पोरं टाळ्या वाजवायची. तळमजल्यावरच्या आजी दर वर्षी न चुकता रडायच्या, आणि दर वर्षी दादा उठून बसल्यावर त्याला शिव्या घालायच्या.

सेटवर गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मी मेलो कशाने?" बहुतेक वेळा हे कुणालाच माहीत नसायचं. दिग्दर्शक म्हणायचा, "तू पड ना यार." पण दादाला ते पटायचं नाही. बुडालेला माणूस आणि विष घेतलेला माणूस एकसारखे पडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बुडालेल्याचे खांदे सैल हवेत, विषवाल्याची बोटं आखडलेली हवीत. एकदा एका नवख्या दिग्दर्शकाने वैतागून सांगितलं, "टेन्शनने मेलास." दादा म्हणाला, "मग कपाळावरची आठी ठेवू की मरताना गेली?" त्या दिवशी शूटिंग अर्धा तास थांबलं. लेखकाला फोन लावावा लागला. आठी ठेवावी, असं ठरलं.

मढच्या एका बंगल्यातली गोष्ट मी स्वतः त्याच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की आता मला ती आठवते. जेवणाची सुट्टी झाली. हाताची बोटं जागची हलली तर पुढच्या शॉटला जुळणार नाहीत, म्हणून दादा तसाच पडून राहिला. बंगल्याचा रखवालदार त्या दिवशीच कामाला लागलेला. तो पंखा बंद करायला आत आला आणि त्याने पांढऱ्या चादरीखालचा माणूस पाहिला. भला माणूस होता. ओरडला नाही, पळाला नाही. देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून पेटवली, उशाशी खोचली आणि हात जोडून उभा राहिला. दादा डोळे न उघडता म्हणाला, "जरा पायाकडे लाव रे, धूर नाकात जातोय." रखवालदाराने ती नोकरी त्याच दिवशी सोडली.

दादाच्या बायकोला, शालिनीवहिनींना, या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात आणि बोलताना अस्तर लावत नाहीत. "बाकीच्या बायकांचा नवरा एकदाच मरतो," त्या म्हणायच्या. "माझा दर मंगळवारी, साडेआठला. मधे जाहिराती."

दोन शॉटच्या मधे बॉडीला फावला वेळ फार. तो दादा बिडीत घालवायचा. मग एके वर्षी खोकला लागला. इतर कुणी खोकल्यासाठी डॉक्टरकडे तब्येतीच्या काळजीने जातो. दादा गेला तो बॉडी खोकली म्हणून. एका शॉटमध्ये, मालिकेतली मुलगी गळ्यात पडून रडत असताना, त्याला खोकला आवरला नाही आणि शॉट वाया गेला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात होता. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली एक डाग दिसला. मग सीटी झाली, सुई घालून तुकडा काढून तपासला, आणि मग डागाला त्याचं खरं नाव मिळालं. फुप्फुसाचा कॅन्सर.

तो कुठे कुठे पसरलाय हे बघायला पेट स्कॅन केला. सुई टोचून साखरेसारखं औषध देतात, ते गाठीत जाऊन बसतं आणि चित्रात चमकतं. तिथे दादाला अंगावर पांघरूण घालून निजवलं होतं. शूटिंगसारखं काहीच नव्हतं, त्यामुळे तो सरळ घोरायला लागला. हे त्या वेळी कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. गाठ एकच होती, लहान होती, कुठे पसरली नव्हती.

अंधेरीच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर केणी म्हणून बाई होत्या. त्यांच्याकडे आम्हाला पाठवलं. आम्हाला म्हणजे दादाला आणि मला. वहिनींनी बजावलं होतं, "भाऊजी, तुम्ही जा बरोबर. हे डॉक्टरांचं अर्धंच सांगतात, आणि तेही अभिनय करून."

केणी मॅडम बुटक्या, चष्मा केसांत खोचलेला, आणि आवाज असा की जणू बसस्टॉपवर उभं राहून बसचे नंबर वाचतायत. त्यांनी सांगितलं, "ऑपरेशन तुमच्या फुप्फुसांना झेपणार नाही. बिड्या खूप झाल्यात. बाहेरून किरण द्यायचे. थोड्याच खेपा, पण प्रत्येक खेप जोराची. म्हणून नेम चुकून चालत नाही."

"चुकतो कशाने?" दादाने विचारलं. सवय.

"श्वासाने. तुमची गाठ अगदी खाली आहे, छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या वर. श्वास घेतला की ती खाली जाते, सोडला की वर येते. हलत्या गोष्टीवर नेम धरायचाय. म्हणून आधी हलतं चित्र काढायचं. एका श्वासात गाठ कुठून कुठे जाते ते सगळं टिपायचं. त्या सगळ्या जागेभोवती मी रेघ मारणार आणि किरण त्या रेघेच्या आत पडणार. रेघ मोठी झाली तर चांगलं फुप्फुस भाजतं. लहान झाली तर गाठ उरते."

दादा खुर्चीत ताठ बसला. "म्हणजे मॅडम, हे शूटिंगच झालं."

"तसं समजा," मॅडम म्हणाल्या.

मी आजही सांगतो, घोटाळा तिथे झाला.

स्कॅनच्या दिवशी ग्लोरिया नावाची टेक्निशियन होती. मनोरीची, रोज तिकडून फेरीबोटीने यायची, आणि सगळ्या पेशंटना काका-मावशी म्हणायची. तिने दादाला बारीक मण्यांनी भरलेल्या मऊ गादीवर झोपवलं. हात डोक्यावर. मग गादीतली हवा ओढून घेतली तशी ती दादाच्या आकाराची कडक झाली. आता तो दर वेळी त्याच साच्यात बसणार होता. दादाने वर बघून मला डोळा मारला. याला म्हणतात काँटिन्युटी. छातीवर शाईच्या टिंबांसारखी बारीक गोंदणं केली, मशीनशी रेष जुळवायला. शेवटी ग्लोरियाने त्याच्या पोटावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक प्लास्टिकची डबी ठेवली.

"काका, समोर भिंतीवर आहे ना, तो कॅमेरा," ती म्हणाली. "तो ही डबी बघतो. पोट वर-खाली झालं की आम्हाला तुमचा श्वास कळतो. अजिबात हलू नका. श्वास नेहमीसारखा घ्या."

यातलं दादाने 'कॅमेरा' ऐकलं आणि 'अजिबात हलू नका' ऐकलं. पुढचं वाक्य नवशिक्यांसाठी असतं असं त्याने धरलं.

मी ग्लोरियाबरोबर काचेपलीकडच्या खोलीत होतो. मला तिथे उभं राहू दिलं, कारण दादाने कुणीतरी ओळखीचं बघायला हवं अशी अट घातली होती. पडद्यावर श्वासाची रेघ येते. माणसाची रेघ म्हणजे लाटा, एकामागून एक. दादाची रेघ म्हणजे ओहोटीनंतरची मार्व्याची खाडी. सपाट. मधूनच एखादी मासळी खालून गेल्यासारखी किंचित थरथर.

"अय्या, काका किती शांत आहेत," ग्लोरिया म्हणाली. "बाकीचे पेशंट किती घाबरतात. हे उथळ श्वासवाले दिसतात."

मी तेव्हा बोलायला हवं होतं की काय, ते मला आजही कळत नाही. मला वाटलं, मशीनला हेच हवं असेल. बाहेर आल्यावर दादा खुशीत दिसत होता. "एका टेकमध्ये ओके," तो म्हणाला. परतीच्या रिक्षात खोकला दाबून त्याने वहिनींना फोन केला आणि तीच बातमी दिली.

काही दिवसांनी मॅडमचा निरोप आला. या. घरच्यांनाही आणा.

या वेळी वहिनी आल्या. हातात अर्धवट शिवलेलं ब्लाउज, कारण हॉस्पिटलात बसून राहावं लागतं हे त्यांना माहीत होतं. मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती.

"हा पेट स्कॅन. गाठ चमकतेय. आकार बघा. लांबट, तोंडल्यासारखा. कारण ते चित्र सावकाश निघतं, आणि तेवढ्या वेळात गाठ श्वासाबरोबर वर-खाली होत राहते. हललेल्या फोटोत माणूस पसरतो तशी ती पसरलीय. आणि ही त्या दिवशीची हलती सीटी." त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दादाच्या छातीतला एक करडा तुकडा दिसला, त्यात एक पांढरा ठिपका. गोल, सुपारीसारखा. चित्र हलतं होतं म्हणे. हलत काहीच नव्हतं.

"माणूस एकच, गाठ एकच," मॅडम म्हणाल्या. "आणि ती अशा ठिकाणी आहे की ती हलल्याशिवाय राहूच शकत नाही. दोघांपैकी एक चित्र खोटं बोलतंय. कोणतं, ते मिस्टर सोनवणे सांगतील."

दादाने घसा साफ केला. त्याच्या चेहऱ्यावर, काय सांगू, अभिमान होता.

"मॅडम, मी श्वास दिसू दिला नाही."

"का?"

"कॅमेरा होता ना."

मग मी थोडक्यात त्याचा धंदा सांगितला. मॅडमनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत त्यांनी फक्त त्याचं आतलं पाहिलं होतं.

"मी या चित्रावर विश्वास ठेवून रेघ मारली असती," त्या बसच्या नंबरांच्याच आवाजात म्हणाल्या, "आणि किरण देताना तुम्ही चारचौघांसारखा श्वास घेतला असता, तर गाठ रेघेबाहेर गेली असती. थोडी जळाली असती, बाकी तशीच. उलट भलतंच भाजलं असतं."

"म्हणजे हे वाचले नसते?" वहिनींनी विचारलं. सुई ब्लाउजमध्ये तशीच अडकली होती.

"किरण सुरू करायच्या आधी आम्ही मशीनवर पुन्हा चित्र घेतो. तिथे कळलं असतंही. पण यांनी तिथेही हेच केलं असतं तर?"

वहिनी दादाकडे वळल्या. "लाज नाही वाटत? तिथे पण मेलात?"

दादाने धंद्याची बाजू मांडली. तो दर वेळी हुबेहूब तसाच पडेल. मॅडमनी रेघ सुपारीएवढीच मारावी. काँटिन्युटीची जबाबदारी त्याची.

मला वाटलं, मॅडम त्याला हाकलतील. पण त्यांनी विचार केला. "गाठ कमी हलली तर मला हवंच आहे," त्या म्हणाल्या. "काही पेशंटना आम्ही श्वास रोखायला शिकवतोच. पण ते दर खेपेला आणि शेवटपर्यंत जमलं पाहिजे. चला, दाखवा."

आत त्याच साच्यात झोपवलं. पोटावर डबी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. दादा मेला. अप्रतिम मेला. रेघ सपाट झाली. मग चिमट्याचा आकडा हळूहळू उतरायला लागला. रेघ थरथरली. आणि खोकला आला, असा की डबी पोटावरून खाली पडली.

"परत घेऊ," दादा म्हणाला.

परत घेतलं. या वेळी खोकला लवकर आला.

"परत."

"नको," मॅडम माइकवरून म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही कसं निभावलंत कोण जाणे. आता फुप्फुस ऐकत नाहीये. ते सोडा. आता नेहमीचा श्वास घ्या, आम्ही तो टिपतो."

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दादाला श्वास घेता येईना. म्हणजे घेता येत होता, डबी नसताना. डबी ठेवली की तो मरायचा. ग्लोरियाने ती काढली की पोट वर-खाली. ठेवली की सपाट. तिने कॅमेऱ्यावर कागद लावून बघितला. पण मग कॅमेऱ्यालाच काही दिसेना, आणि कागदामागे तो आहे हे दादाला ठाऊकच होतं. मॅडम म्हणाल्या, "आत घ्या, बाहेर सोडा." त्यावर तो असे भले मोठे श्वास घ्यायला लागला की ग्लोरिया म्हणाली, "काका, फुगा नाही फुगवायचाय." तेही खोटंच. घरी असा श्वास कोण घेतो?

"मला जमत नाहीये," आतून दादाचा आवाज आला. बारीक. "मॅडम, कॅमेऱ्यासमोर जिवंत माणसाचं काम मला कुणी कधी दिलंच नाही."

चित्र खोटं तर रेघ खोटी, आणि रेघ खोटी तर पुढचं सगळं वाया, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठल्या. त्यांनी ब्लाउज माझ्या हातात दिलं.

"त्यांना ऐकू जातं ना यातून?" त्यांनी माइककडे बोट केलं. ग्लोरियाने बटण दाबून दिलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. "आज रविवार आहे."

"आज बुधवार आहे," आतून आवाज.

"मी सांगते ना रविवार! दुपार. मटण झालंय. मी नको म्हणत असताना एक भाकरी जास्त खाल्लीत. बनियन पोटावर गोळा झालंय, ते नीट करायचा आळस आहे. तुम्ही खाली चटईवर. मी मशीनवर. वरच्या बाईंचं ब्लाउज आहे, त्यांच्या बाह्या कधी जमत नाहीत मेल्या."

वहिनींनी माइक जवळ ओढला.

"आधी पोट वर येतं. सावकाश. वर गेलं की जरासं थांबतं, काहीतरी आठवल्यासारखं. मग खाली. आणि तोंडातून फूस करता. दर वेळी. तुमचं ते थांबतं ना वर, तेव्हा मी पाय थांबवते. फूस झालं की परत मशीन चालवते."

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"खोकला लागल्यापासून. आता बोलू नका. झोपा."

ग्लोरिया पडद्याकडे बघत होती. रेघ वर आली. वर जरा थांबली. खाली गेली. मग पुन्हा. काचेपलीकडून एवढा बारीक आवाज ऐकू येत नव्हता, पण दादाचे गाल फुगून फूस झालेलं मला दिसलं.

"घ्या," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि मशीन सुरू झालं. वहिनी माइकसमोर उभ्याच होत्या. त्या वरच्या बाईंच्या बाह्यांबद्दल बोलत राहिल्या.

त्या चित्रात गाठ हलली. मॅडमनी आम्हाला दाखवलं. करड्या तुकड्यात पांढरी सुपारी खाली उतरायची, जराशी थांबायची, वर चढायची. मी कॅन्सरकडे बघून कधी खूश होईन असं मला वाटलं नव्हतं. पण आम्ही चौघं तिथे खुळ्यासारखे हसत उभे होतो आणि दादा आतून विचारत होता, "ओके झाला का? ओके?"

मग मॅडमनी त्या चित्रांवर रेघा मारल्या. एकेका चकतीवर, श्वासाच्या एकेका टप्प्यावर, आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारी एक. हिशोब करणाऱ्यांनी किरण कुठून कुठून सोडायचे ते ठरवलं. दादाच्या खेपा झाल्या. दर खेपेला किरणांच्या मशीनवर आधी एक चित्र निघायचं, गाठ रेघेच्या आत आहे ना ते बघायला, आणि दर खेपेला वहिनी माइकवर. सोमवारीही रविवार, गुरुवारीही रविवार. एकदा वहिनींना यायला उशीर झाला म्हणून ग्लोरियाने ते सगळं पाठ म्हणून दाखवलं, मटणासकट. रेघ सपाट. दादाने नंतर तिची समजूत काढली, "तुझं चुकलं नाही गं पोरी. दिग्दर्शक बदलला की काम बदलतं."

बाहेर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "या बाई आत रोज जेवणाचं काय बोलतात?" मी म्हटलं, "ट्रीटमेंट आहे." त्यांनी मान हलवली आणि आपल्या सुनेला म्हणाले, "बघ, आपल्याला नाही लिहून दिलं."

नंतर बऱ्याच महिन्यांनी पुन्हा सीटी झाली. गाठीच्या जागी एक विसकटलेला पट्टा दिसत होता. मॅडम तो बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वण आहे. दर काही महिन्यांनी बघत राहायचं. आज चांगलं आहे." त्यांच्या आवाजात हे वाक्य आणि बसचा नंबर यांत काही फरक नव्हता, पण वहिनींनी तिथल्या तिथे दोऱ्याची गाठ मारून ब्लाउज पुरं केलं.

आता दादा आणि वहिनी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे नाशिकला असतात. इमारतीत पोरांना वाटीचा खेळ दाखवणारं कुणी नाही. त्याला मी कामावर शेवटचा पाहिला तो मनोरीला, ते नाशिकला जाण्याआधी.

सेटवर माणसं पुरवणाऱ्या सप्लायरचा फोन आला होता. मनोरीच्या एका बंगलीत शूटिंग, म्हातारा जमीनदार मेलाय, घरचे भोवती बसलेत. एवढंच काम. दादा हरखला. वहिनी म्हणाल्या, एकटं सोडणार नाही. म्हणून आम्ही तिघं मार्व्याहून बोटीने गेलो. बोटीत दादा बोटं आखडून-सैल करून बघत होता.

सेटवर पोचल्यावर त्याने विचारलं, "मेलो कशाने?"

असिस्टंट डायरेक्टर तरुण पोरगा होता. कागदात बघून म्हणाला, "म्हातारपणाने, दादा."

"पहिल्यांदाच," दादा मला म्हणाला. त्याला भरून आलं होतं.

त्याला खाटेवर घेतलं, पांढरी चादर गळ्यापर्यंत, नाकात कापूस. भोवती चार बायका रडायच्या तयारीत. वहिनी आणि मी मागे, चहाच्या थर्मासजवळ, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कॅमेरा पुढे सरकला. दादाच्या चेहऱ्यावरून सगळं ओसरलं. इतका सुंदर मेला की मलाच जरा कसंतरी झालं.

आणि चादर वर आली. सावकाश. वर जरा थांबली. खाली गेली. कापूस किंचित उडाला.

"कट! दादा, बॉडी हलतेय."

"सॉरी, सॉरी. परत."

परत घेतलं. बायका रडल्या. चादर वर, थांबा, खाली.

"कट! दादा, काय यार!"

"मी नाही रे करत," दादा डोळे उघडून म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता. "कॅमेरा आला की आपोआप होतंय."

तिसऱ्यांदा सगळे श्वास रोखून उभे राहिले, एकटा दादा सोडून. त्याची चादर मनोरीच्या भरतीसारखी चढत-उतरत राहिली, निवांत, जेवण झालेल्या माणसाची. मागून दिग्दर्शक हेडफोन आपटून ओरडला, "अरे, ये तो साँस ले रहा है!" असिस्टंट पोरगा खाटेकडे धावला. सगळं युनिट गप्प, आवाजाचं रेकॉर्डिंग चालूच, आणि त्या शांततेत शालिनीवहिनी खुर्चीतून उठून सगळ्या बंगलीला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"अरे, घेतायत ना श्वास? मग घेऊ दे ना!"